सायकलवर बसायच्या आधीची सोळा वर्षं

गेल्या डिसेंबरात मी बदामीला गेले होते, एकटीच. आता सांगली ते बदामी म्हणजे काही एव्हरेस्ट नाही, कुणी त्यावर पुस्तक लिहिणार नाही, पण सत्तेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदा एकटी लॉजवर राहिले त्यामुळे माझ्यासाठी ते होतंच. पहिल्या लॉजवर काउंटरवरचा माणूस माझ्या मागे बघत राहिला, म्हणजे दाराकडे, मग विचारलं साहेब गाडी लावून येतायत काय. म्हटलं साहेब सांगलीत आहेत. मग सोबत कोण? कोणी नाही, मीच. लगेच त्याच्याकडच्या सगळ्या रूम भरल्या. दुसऱ्या ठिकाणी मिळाली. रात्री कडी लावली, दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर चिवड्याचा स्टीलचा डबा ठेवला आणि डब्यावर दोन चमचे, म्हणजे कुणी दार ढकललंच तर खणखणाट होईल. डर्व्हला मर्फीकडे पिस्तूल होतं, माझ्याकडे चिवड्याचा डबा.

तर ही डर्व्हला मर्फी. एकट्या फिरलेल्या बायकांची पुस्तकं मी गेली सात-आठ वर्षं अधाशासारखी वाचतेय आणि त्यात हिचा नंबर सगळ्यात वरचा. आयर्लंडमधलं लिस्मोर नावाचं छोटं गाव, वडील लायब्ररियन, दहाव्या वाढदिवसाला हिला भेट मिळाली एक सेकंडहँड सायकल आणि एक ॲटलस. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावाजवळच्या चढावर पेडल मारता मारता तिच्या डोक्यात आलं की असंच पेडल मारत राहिलं तर आपण इंडियाला पोचू. आणि ती पोचली. १९६३ च्या जानेवारीत निघाली, युरोपात त्या वर्षी भयंकर थंडी पडली होती, बर्फातून, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत जुलैत दिल्लीत. सायकलचं नाव रॉझ, 'डॉन किहोते' या जुन्या स्पॅनिश कादंबरीच्या नायकाच्या रोसिनान्ते नावाच्या घोड्यावरून ठेवलेलं. गिअर होते ते निघायच्या आधीच काढून टाकले, कारण वाटेत बिघडले तर दुरुस्त कोण करणार. अफगाणिस्तानात एका बसमध्ये भांडण लागलं त्यात रायफलचा दस्ता लागून बरगड्या मोडल्या, आणि तरी तिचा सगळ्यात लाडका देश कुठला तर अफगाणिस्तान. १९६५ ला या प्रवासाचं पुस्तक 'फुल टिल्ट' आलं.

हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. पाठच्या कव्हरवर निडर, धाडसी वगैरे असतंच. (ती स्वतः धाडसी म्हणवून घ्यायला तयार नसायची. तिचं म्हणणं साधारण असं की भीती वाटत असूनही जो करतो तो धाडसी, मला मुळात भीतीच वाटत नाही तर त्यात कौतुक कसलं.)

पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ॲटलस मिळालं दहाव्या वर्षी आणि निघाली एकतिसाव्या वर्षी. मधे काय झालं?

मधे आई. आईला संधिवात, अगदी डर्व्हला तान्ही असल्यापासून, हळूहळू हातपाय आखडत गेले आणि पूर्ण अंथरुणाला खिळली. पोरगी चौदा वर्षांची झाली तेव्हा शाळा सोडून घरी बसली, आईचं करायला. चौदा ते तीस. सोळा वर्षं. मधेमधे सायकल घेऊन काही आठवडे वेल्स, स्पेन असं फिरून आली, आईच म्हणायची जा, पण पुढे पुढे तेही बंद झालं, रात्री-अपरात्री उठणं, कूस बदलून देणं, सगळं हिच्याच अंगावर. १९६१ मध्ये वडील गेले, १९६२ मध्ये आई गेली, आणि पाच महिन्यांत ही रॉझवर बसली.

'फुल टिल्ट'मध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. तिथे थेट थंडी आणि बर्फ. हे सगळं तिने लिहिलं १९७९ मध्ये, 'व्हील्स विदिन व्हील्स' नावाच्या आत्मचरित्रात, म्हणजे आई जाऊन सतरा वर्षांनी. आणि काय लिहिलंय! आईवर प्रेम आहे, आईनेच वाचायला शिकवलं, जगाची ओढ लावली हे आहे, आणि त्याच आईचा शेवटी शेवटी किती राग यायचा हेही आहे. आई गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं हे ती लपवत नाही. आपल्याकडे असं लिहायची कुणाची टाप आहे? आपल्याकडे 'आईंची सेवा करायचं भाग्य लाभलं'.

मी हे पुस्तक सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून वाचलं. त्यांना पॅरालिसिस झाला आणि त्या सहा वर्षं झोपून होत्या. मी नोकरी, मुलाची दहावी, बारावी, दिवसा एक मावशी यायच्या आणि रात्र माझी. नवरा वाईट नाही हां, पण रात्री त्याला जाग यायची नाही हे घरात सगळ्यांनी मान्यच केलेलं होतं. तर रात्री दोनला त्यांना कूस बदलून दिली की माझी झोप उडायची मग मी वाचायचे. आणि त्या पानांवर एक बाई सांगतेय की मला रोज रात्री वाटायचं की संपू दे हे, आणि तसं वाटलं म्हणून मी वाईट झाले नाही. मी पुस्तक मिटून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले होते, खोटं कशाला बोलू.

मग मला नाद लागला. प्रत्येक अशा पुस्तकाच्या बाबतीत शोधायचं, की ही निघाली त्याच्या आधी काय झालं आणि ते हिने कधी लिहिलं.

रॉबिन डेव्हिडसन घ्या. ऑस्ट्रेलियातली पोरगी, खिशात सहा डॉलर आणि बरोबर कुत्री एवढ्यावर ॲलिस स्प्रिंग्सला येऊन पडली, दोन वर्षं उंटवाल्यांकडे शेण काढलं, मार खाल्ला, उंट हाताळायला शिकली आणि १९७७ मध्ये चार उंट आणि ती डिगिटी नावाची कुत्री घेऊन वाळवंटातून पश्चिम किनाऱ्यापर्यंत चालत निघाली, २७०० किलोमीटर, नऊ महिने. पैसे नॅशनल जिओग्राफिकचे, त्यामुळे अधूनमधून त्यांचा फोटोग्राफर येऊन टपकायचा आणि हिची चिडचिड व्हायची. एकांत हवा म्हणून निघालेली बाई आणि तिचेच फोटो जगभर. पेपरवाल्यांनी तिला 'कॅमल लेडी' करून टाकलं. आज रीलवाल्या पोरींना एकटीच्या ट्रिपमध्ये ट्रायपॉड लावताना बघते तेव्हा मला हमखास ती आठवते, अर्थात ह्यांना कोणी फोटोग्राफर पाठवत नाही, ह्या बिचाऱ्या स्वतःच पळत जाऊन फ्रेममध्ये उभ्या राहतात. कुत्रीचं पुढे काय होतं ते सांगत नाही, विषाचं आमिष खाते एवढंच सांगते, आणि ते प्रकरण रात्री वाचू नका.

या प्रवासाचं पुस्तक 'ट्रॅक्स', १९८० चं. त्यात आईबद्दल फार काही नाही. आणि २०२३ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर तिने 'अनफिनिश्ड वुमन' लिहिलं, त्यात येतं की ती अकरा वर्षांची असताना तिच्या आईने आत्महत्या केली होती. 'ट्रॅक्स'नंतरही त्रेचाळीस वर्षं लागली. उंटांवर लिहायला तीन, आईवर लिहायला साठाहून जास्त.

मधे तिचं एक पुस्तक भारतावरही आहे, 'डेझर्ट प्लेसेस', १९९६ चं, गुजरात-राजस्थानातल्या रबारी लोकांबरोबर, म्हणजे जनावरं घेऊन भटकणाऱ्या पशुपालकांबरोबर, फिरायला आली होती. लोकांना ते फारसं माहीत नसतं पण मला ते भारी आवडतं, कारण त्यात तिचा पार बोऱ्या वाजलाय. ऑस्ट्रेलियात मैलोनमैल माणूस नाही आणि इथे एक मिनिट एकटं सोडत नाहीत, भाषा येत नाही, चारी बाजूंनी माणसं उभी राहून नुसती बघतायत. आपण भारतीय बायकांनी त्यावर हसावं की रडावं कळत नाही, कारण ते बघणं आपल्याला जन्मापासून सवयीचं आणि तिला ते महिनाभरातच असह्य झालं. एकटीने वाळवंट पार करणं सोपं, एकटीने एसटी स्टँडवर दोन तास बसणं अवघड, असं मला ते वाचताना वाटलं होतं.

शेरिल स्ट्रेडचं 'वाइल्ड' बऱ्याच जणींनी वाचलं असेल किंवा पिक्चर तरी बघितला असेल. तिने मात्र दोन्ही एकाच पुस्तकात घातलं. आई पंचेचाळीसाव्या वर्षी कॅन्सरने गेली, ही तेव्हा बावीसची, मग चार वर्षं आयुष्याची पार वाट, आणि मग १९९५ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या लांबलचक पायवाटेवर, ११०० मैल चालली, पाठीवर स्वतःला उचलता येणार नाही एवढी सॅक घेऊन. पुस्तक यायला २०१२ उजाडलं. म्हणजे हिलाही सतरा वर्षं लागलीच. माझ्या मैत्रिणीला ते पुस्तक रडकं वाटतं. असेल. मला सॅकचं प्रकरण आवडतं, कारण बदामीला दोन दिवसांसाठी मीपण तीन स्वेटर नेले होते.

आणि आता आपल्याकडचं. मराठीत एकटीने जग फिरणारी बाई म्हटलं की लोक मीना प्रभूंचं नाव घेतात, बरोबरच आहे, आमच्या आख्ख्या पिढीला त्यांनीच शिकवलं की एकटीने जाता येतं आणि वर मजेतही जाता येतं. पण माझ्या या नादात त्या बसत नाहीत, त्यांची पुस्तकं उजेडातली आहेत.

बसतात त्या पंडिता रमाबाई. १८८६ मध्ये त्या इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला, फिलाडेल्फियात, ११ मार्च. थोडे दिवस म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, गावोगाव भाषणं, विधवांच्या शाळेसाठी पैसे गोळा करणं, आणि १८८९ मध्ये परत येऊन मुंबईत शारदा सदन काढलं, त्याच वर्षी 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' छापलं. तेव्हा त्या तिशीत. विधवा, एक लहान मुलगी. पुस्तकाच्या नावात प्रवास आहे पण रमाबाई त्यात फार कमी सापडतात, तिथली राज्यव्यवस्था कशी, शाळा कशा, बायकांच्या संस्था कशा चालतात, असं सगळं शिस्तीत. आपण म्हणतो प्रवासवर्णनात लेखिका दिसली पाहिजे, पण १८८९ मध्ये कुठल्या बाईला 'मला कसं वाटलं' एवढं लिहून लोकांनी ऐकून घेतलं असतं? आकडे आणि संस्था दिल्या तरच ऐकणार.

स्वतःचं त्यांनी लिहिलं १९०७ मध्ये, 'साक्ष' म्हणून. आणि तिथे पुन्हा आई आहे. १८७० च्या दशकातला दुष्काळ, सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत पायी फिरणारं, आधी वडील गेले, मग आई तापात आणि भुकेत. आईने शेवटी न राहवून हिला शेजारी पाठवलं, बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागून आण म्हणून. ही गेली. त्या घरची बाई प्रेमाने बोलली पण हिच्या तोंडून मागायला शब्दच फुटेना, डोळ्यातलं पाणी अडवलं तर ते नाकातून वाहायला लागलं असं त्यांनी लिहिलंय. त्या बाईने ओळखलं, भाकरी दिली, ही पळत घरी आली. आईला ती खाता आली नाही. काही दिवसांत आई गेली. थोरली बहीणही गेली, मग रमाबाई आणि त्यांचा भाऊ हजारो मैल चालत फिरले, कलकत्त्यापर्यंत.

हे वाचल्यावर मी ते अमेरिकेचं पुस्तक पुन्हा उघडलं, शाळा आणि संस्थांची तीच कोरडी वाटलेली पानं, आणि मला ती कोरडी वाटेनात. भाकरीचा तुकडा मागता न आलेली पोरगी परक्या देशात परक्या भाषेत स्टेजवर उभी राहून पैसे मागतेय, गावोगाव, तीन वर्षं. ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

बदामीला दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातला गुहा बघायला वर चढले तर माकडांनी केळी पळवली. तलावाच्या काठी बायका धुणी धूत होत्या, त्यांच्यातल्या एकीने कानडीत काहीतरी विचारलं, मला आमच्या सीमेवरचं तोडकंमोडकं कानडी येतं, ती विचारत होती एकटीच आलीस का. हो म्हटलं. तिने मान हलवली आणि पुढचं लुगडं आपटायला घेतलं. पुढे काहीच नाही विचारलं. मी तिथे पायरीवर दीडेक तास बसून होते आणि मधेच माझा हात मोबाईलकडे गेला, औषधाची वेळ झाली का बघायला. सासूबाईंना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

असो, ही पोस्ट लिहायला बसले त्याचं खरं कारण वेगळंच आहे. माझी 'व्हील्स विदिन व्हील्स'ची कॉपी मी कुणाला तरी वाचायला दिलीय आणि कुणाला ते आठवत नाही. ऑफिसमधलं कुणी असेल किंवा भिशीतलं. निळसर कव्हर, कोपऱ्यावर चहाचा डाग. ज्या कुणाकडे असेल तिने सावकाश वाचा, घाई नाही, पण परत द्या. दुसरी मागवता येते ते माहितीये मला, पण शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आईंच्या शुगरची रीडिंग लिहिलेली आहेत, रात्री दोनची, वही सापडली नाही म्हणून तिथे लिहीत गेले होते. ते पान मला पाहिजे.