थोडंसं तरी घ्या

मार्च लागला की आमच्याकडे दुपारी कोणाच्याही घरी जा, विचारपूस व्हायच्या आधी ताक येतं. स्टीलचा उंच गिलास, वर जिऱ्याची पूड, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. परवा शाळेच्या कामासाठी एका पालकांकडे गेलो. बसतो न बसतो तोच गिलास पुढे. म्हटलं, नुसतं पाणी चालेल. घरधनी हसले. "सर, पाणी त खारं हाये. ताकच घ्या, थोडंसं तरी." मग नेहमीचा पाढा सुरू झाला. सर्दी आहे का, गुरुवार आहे का, डॉक्टरनं बंद केलं का. दूध, दही, ताक, तूप यातलं काहीच घेत नाही आणि लहानपणापासूनच घेत नाही म्हटल्यावर माणसं आधी माझ्या दंडाकडे बघतात. मग त्यांना माझ्या बायकोची दया येते.

मटण-मासळी आमच्या घरात कधी शिजलीच नाही, त्यामुळे त्याचं कोणाला काही नाही. सगळं अडतं ते दुधापाशी. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनंही अलीकडे हे सगळं सोडलं. ती बिस्किटाचा पुडा घेतला की आधी मागची बाजू वाचते आणि दुधाची पावडर निघाली की पुडा जिथल्या तिथे. इंग्लंडात अशा मंडळींनी १९४४ सालीच आपली सोसायटी काढली होती, हे तिनंच मला सांगितलं. "मामा, तुम्ही तर जन्मजात व्हेगन." जन्मजात नाही. त्यात आमच्या म्हशीचा हात आहे, पण ते पुढे.

तर तिच्या हट्टापायी मी समुद्र पाहिला. सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली होती, शनिवार-रविवार जोडून मिळत होते. मूर्तिजापूरहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, गेटवेहून मांडव्याची बोट, पुढे अलिबागपर्यंत बस. बोटीमागे सीगल पक्ष्यांचा थवा लागला होता आणि लोक हवेत चिप्स उडवत होते. पक्षी ते वरच्यावर झेलत. भाचीनं पाकिटावरचं वाचून सांगितलं की त्यात चीज आहे. पक्ष्यांनी काही वाचलं नाही.

अलिबागला किनाऱ्यालगत चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक यंत्रं बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम इकडे हलवलं. इमारत बांधताना लोखंड वापरायचं नाही, यंत्रं चळतात, असा दंडक होता. मला बरं वाटलं. यंत्रांचं पथ्य सांभाळायला अख्खी इमारत बांधतात आणि कोणी म्हणत नाही, एखादा खिळा तरी चालेल की.

ओहोटीला अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या वर्षात काम सुरू झालेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. घोडागाड्याही जातात, पण भाची त्यात बसणार नव्हती आणि मलाही चालायचंच होतं. ओल्या वाळूत पाय रुतवत गेलो. गणपतीचं देऊळ पाहिलं, तोफा पाहिल्या. मी मात्र थांबलो विहिरीपाशी. चारी बाजूंनी खारा समुद्र, भरतीला परतीची वाट बंद, आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर. जंजिऱ्यातही अशी गोड्या पाण्याची तळी आहेत म्हणे लोक सांगत होते, दुसऱ्या दिवशी तीही पाहिली. जंजिरा सिद्दींकडून कोणालाच घेता आला नाही त्याची कारणं गाइड मोजून देत होता. भिंतींची उंची, तोफांचा पल्ला, दरवाजा जवळ जाईपर्यंत न दिसणं. मी त्याला पाण्याबद्दल विचारत राहिलो. त्याला कंटाळा आला असावा.

कारण मी खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा काळ्या चोपण जमिनीचा पट्टा. इथं विहीर खणली तरी पाणी खारं, बोअर मारलं तरी खारं. पिकाला दिलं तर जमीन बिघडते. तुरीची डाळ त्यात घातली तर दुपार होते तरी दाणा अख्खाच. आमच्या घरात दोन रांजण असायचे, एक भांड्या-कपड्याचा, एक डाळीचा. डाळीच्या रांजणाला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही. पाहुणा आला की त्याच रांजणातलं पाणी, ते सुद्धा आजीच्या हातानं. भाजीत मीठ घालायच्या आधी आजी चवीला पाण्याचा थेंब जिभेवर घ्यायची, कोणतं पाणी पडलंय ते बघायला.

रेवदंड्याला पोर्तुगीजांचा सातखणी मनोरा आहे आणि खाडीपलीकडे कोर्लई, जिथं काही घरांत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. शेजारच्या चौलच्या बंदरात पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. हा गृहस्थ एक घोडा घेऊन आला होता. पुढे जुन्नरला खानानं तो काढून घेतला आणि मुसलमान हो, मग देतो, म्हणाला. वाटेत अस्त्रखानजवळ लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तकं लांबवली होती, त्यामुळे आपला ईस्टरचा उपास कधी सुरू होतो हेच त्याला कळेना. त्या उपासात त्याच्या पंथात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. भाची म्हणाली, म्हणजे आपलाच माणूस. त्यानं इथल्या हिंदूंबद्दल लिहून ठेवलंय की हे मांस खात नाहीत, मासेसुद्धा नाहीत, आणि काही तर जेवताना कोणी बघू नये म्हणून अंगावरून कापड ओढून घेतात. मासे न खाणारे त्याला कोण भेटले देव जाणे. आम्हाला तर दोन खानावळींत "शाकाहारी? म्हणजे सुकटसुद्धा नाही?" असं विचारलं. कापड ओढून जेवायची कल्पना मात्र मला पटली. लग्नाच्या पंगतीत तशी सोय हवी.

तिसऱ्या खानावळीत एक बाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात भिजलेले. बोटांत धरून दाबला की साल बोटांत राहते आणि दाणा टुणकन परातीत. मी न विचारता शेजारी बसलो आणि सोलायला लागलो. सवय नसल्यानं माझे दाणे बाहेर उडत होते. त्यांनी परात जराशी माझ्याकडे सरकवली. दूध, दही, तूप काही चालत नाही, असं मी चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." इतकंच. पुढे विचारलंही नाही. तासाभरात वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी आणि सोलकढी. तूप तिथं आठवायची वेळच आली नाही, नारळानं त्याची जागा परस्पर घेऊन टाकली होती. सोलकढीचा पेला पुढे आला तेव्हा मी जन्माच्या सवयीनं हात आडवा केला. गुलाबी ताक आलं असंच मला वाटलं. भाचीनं माझा पेला स्वतःकडे ओढला आणि अर्धा संपवल्यावर मग सांगितलं की यात नारळ आणि आमसूल आहे, बाकी काही नाही.

आता म्हैस. मी दुसरी-तिसरीत असेन. पौषात म्हैस व्याली आणि वगार चार दिवसांत मेली. म्हैस पान्हा चोरायला लागली. धाकटा भाऊ तान्हा होता, आईला दूध पुरत नव्हतं, घरात दुसरं दुभतं नव्हतं. आजोबांनी वगारीचं कातडं सोलून घेतलं, वाळवलं, आत कुटार भरलं, पोट सुतळीनं शिवलं आणि पायांच्या जागी तुराट्या खोवल्या. ते उभं राहीना, म्हणून मानेला धरून म्हशीपुढे उभं करायचं काम माझ्याकडे आलं. म्हशीनं चाटावं म्हणून आजोबा त्याच्या पाठीवर मिठाचं पाणी शिंपडायचे. म्हैस चाटायची. सुतळीच्या टाक्यांतून कुटार बाहेर यायचं, ते तिच्या जिभेला चिकटायचं, आणि ती पुन्हा चाटायची. कधी माझ्या हातावरूनही जीभ फिरायची. मागे कासंडीत धार वाजायला लागली की आजोबा म्हणायचे, "धरून ठेव, हलवू नको."

म्हशीला कळत नसेल असं मला आजही वाटत नाही.

आजोबांवर माझा राग नव्हता, नाही. भाऊ त्या दुधावर वाढला, आज चांगला धडधाकट आहे. पण एका संध्याकाळी मी चहा कोरा मागितला आणि मग तो कोराच राहिला. घरच्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. भाचीकडे या सगळ्याला मुद्दे आहेत, आकडे आहेत, हवामानबदल आहे. माझ्याकडे एक म्हैस आहे. वाद झाला तर मी हरतो, म्हणून घालत नाही.

रेवदंड्याच्या त्या बाईंचं "बरं" मात्र अजून डोक्यात आहे. परक्या गावात नको म्हणणं किती सोपं. त्यांना माझ्याबद्दल काही वाटायचं कारण नव्हतं आणि मला त्यांच्याबद्दल. नको तर नको, ताटात दुसरं आलं. आमच्याकडे तसं होत नाही. हिवाळ्यात शेतात रोडगे होतात. गोवऱ्यांच्या आरातून रोडगा निघाला की आत्या तो फडक्यात धरून झटकते, फोडते, मध्ये अंगठ्यानं खळगा करते आणि त्यात तूप ओतते. ते मुरेपर्यंत तळहातावर धरून बसते. तिचा अंगठा नेहमी भाजलेला असतो. मग तो रोडगा तुमच्या ताटात येतो. त्या खळग्याला नको म्हणायचं म्हणजे तुपाला नको म्हणणं नव्हे, हे तिलाही कळतं आणि मलाही. दरवर्षी मी हात आडवा करतो आणि दरवर्षी ती म्हणते, "असं काय केलं रे तुले त्या म्हशीनं?" आणि कोरडा रोडगा वरणात बुडवून खाताना सगळी पंगत मला बघत असते. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मामा, बाउंडरीज. तिला पुण्यात ठीक आहे.

समुद्रावरून आल्यावर आत्यानं फोटो पाहिले. किल्ल्यांपाशी ती थांबली नाही. "तिथं प्याले पाणी कुठलं?" म्हटलं, समुद्रात किल्ला आहे, किल्ल्यात विहीर आहे आणि विहिरीला गोडं पाणी आहे. तिनं मोबाइल खाली ठेवला. "समुद्रात गोडं?" म्हटलं, हो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, तिला ती विहीर पाहायची आहे.

आता नळाला धरणाचं पाणी येतं, दोन-चार दिवसांआड का होईना. पण आत्याची सगळी उमर विहिरीच्या पाण्यावर गेली. आमच्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक गल्लीत किडनीचा एक तरी पेशंट निघतो. अकोल्याला डायलिसिसला जाणाऱ्यांची गाडी ठरलेली असते, आणि गावात कोण कोणत्या वारी जातो हे सगळ्यांना पाठ. गेल्या दिवाळीपासून आत्याचं क्रिएटिनिन वाढलंय. डॉक्टरांनी मीठ तोडलं, केळी बंद, नारळपाणी बंद, डाळ मोजून. परवा शेजारणीनं पापड पुढे केला तर आत्यानं हात आडवा केला. शेजारीण म्हणाली, थोडासा तरी. आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

भाची आता हर्णैचं ठरवतेय, तिथून सुवर्णदुर्ग दिसतो. आत्या म्हणते, मले अलिबागच दाखव. तिकडे बिरड्यात नारळ, भाजीत नारळ, कढीत नारळ. तिच्यासाठी त्या बाईंना आधी फोन करून ठेवावा लागेल. दहावीचे पेपर संपले की तिकिटं काढू असं भाचीला सांगितलंय. त्याआधी अकोल्याचा रिपोर्ट यायचा आहे.