उट्टाक्लाइव्हचा किनारा मोजताना

जूनमध्ये आम्ही दोघं नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर उट्टाक्लाइव्हच्या किनाऱ्याचा ड्रोनने उंचसखल नकाशा करायला गेलो. हिमनदीने तासलेले कडे, पायथ्याशी हिरवळ, मग गोल गुळगुळीत धोंडे आणि लगेच समुद्र. जवळच्या लेक्नेस गावाहून गाडीने पोचणं सोपं आहे. मोजणं नाही.

पहिली सकाळ फुकट गेली. किनाऱ्याचं तोंड वायव्येला, त्यामुळे कडा सावलीत काळाठिक्कर. फोटोंत खडकाचा पोतच उतरला नाही, मग सॉफ्टवेअर एक फोटो दुसऱ्याला जोडणार कसं? डोक्यात प्रकाश पडला तो रात्री अकराला, अगदी शब्दशः. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. मध्यरात्री तो उत्तरेला समुद्रावर असतो आणि तोच कडा समोरून उजळतो. पण ओहोटीही त्याच सुमारास हवी, नाहीतर धोंड्यांचा खालचा पट्टा पाण्यातच. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आम्हाला तीन दिवस थांबावं लागलं. तुम्ही आधी कार्टव्हेर्केट या सरकारी नकाशा खात्याचा भरतीचा तक्ता बघा, तिकिटं मग काढा.

दुसरी चूक माझी. कंट्रोल पॉइंटच्या, म्हणजे फोटोंत नेमकी जागा ओळखता यावी म्हणून जमिनीवर मांडायच्या खुणेच्या, सहा पाट्यांपैकी दोन मी शेवाळाच्या रेषेखाली ठेवल्या, कारण जागा सपाट होती. चहा पिऊन आलो तर एक पाण्याखाली, दुसरी तरंगत चाललेली.

बेस स्टेशन, म्हणजे एका जागी स्थिर ठेवायचा जीपीएस रिसीव्हर, कड्याला खेटून लावू नका. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा 55 अंशांनी कललेल्या, आणि आपण 68 अक्षांशावर. म्हणजे ते बहुतेक दक्षिणेकडेच दिसतात. तिथेच डोंगर आडवा आला की फिक्स, म्हणजे अचूक स्थान, मिळत नाही. आम्ही स्टेशन पाण्याच्या बाजूला, भरतीरेषेच्या वर हलवलं आणि फिक्स मिळाला.

ड्रोनची 120 मीटर उंचीची मर्यादा उड्डाणाच्या जागेपासून नव्हे, जमिनीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून धरतात, हे कड्यापाशी फार उपयोगी पडतं. कॅमेरा सरळ खाली न ठेवता तिरपा करा, नाहीतर उभ्या भिंतीत भोकं राहतात. विमानतळापासून 5 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही.

सागरी नकाशाचा शून्य, म्हणजे जिथून उंची-खोली मोजतात ती पातळी, जमिनीच्या नकाशाच्या शून्याच्या खाली असतो. दोन्हींची माहिती एकत्र करणार असाल तर हा फरक आधी वजा करा. आम्ही तो विसरलो होतो आणि आमच्या नकाशात किनारा चक्क समुद्रात बुडाला होता.

आणि हो, बूट रबरी तळाचे घ्या. ते धोंडे ओले झाले की साबणासारखे.