चाळकेवाडीच्या सड्यावर, उगवतीकडे

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि मामेभाऊ ठोसेघर करून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. बाइक डांबरी रस्त्याच्या कडेला लावली आणि मावळतीकडे सड्यावर चालत सुटलो. तेरडा फुलला होता, मधूनच सीतेच्या आसवांचा निळा पट्टा. म्हशी राखणारे एक बाबा भेटले.

“कुठलं पावणं?”

“साताऱ्याचेच, बाबा.”

“धुकं आलं तर कड्याकडं जाऊ नगा. उगवतीला चालत सुटा, डांबरी घावंल.”

अर्ध्या तासात धुकं आलं. आधी लांबच्या पवनचक्क्या गेल्या, मग जवळच्या, मग दहा पावलांवरचा भाऊ. पात्यांचा घूं-घूं आवाज तेवढा उरला, पण तो चहूबाजूंनी येत होता. मोबाइल काढला तर पडद्यावर पाणी. ओल्या बोटांना तो दाद देईना.

माझ्या बॅगेच्या पट्ट्याला शर्टाच्या बटणाएवढा एक कंपास कायम असतो. त्यावर अंशांच्या खुणा नाहीत, फक्त चार दिशा. नेमका कोन त्यावर धरता येत नाही, आणि अशा वेळी त्याची गरजही नसते. समोर रस्ता, नदी, डोंगराची धार असं काही लांबलचक आडवं असेल, तर ते कोणत्या बाजूला आहे एवढं कळलं की पुरे. ती बाजू मात्र निघतानाच बघून ठेवावी लागते. मी बाइकपाशीच पाहिलं होतं: रस्ता उत्तर-दक्षिण, आम्ही पश्चिमेला.

मी खाली बसून कंपास कातळावर टेकवला. तबकडी थरथरली आणि भलतीकडेच वळली. उचलून छातीशी धरला, तेव्हा दुसरीच उत्तर! भाऊ घाबरला. “दादा, बिघडलाय का हा?”

बिघडला नव्हता. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. काही ठिकाणी, विशेषतः वीज पडलेल्या कातळावर, ते सुईला चांगलंच ओढतं. पवनचक्कीचा पोलादी खांबही तेच करतो. म्हणून कंपास दगडापासून वर उचलून धरायचा, वीस-तीस पावलं जाऊन पुन्हा बघायचा, आणि दोन-तीन जागी एकच दिशा आली की मगच मानायची. मोबाइल आणि पॉवर बँक मी भावाकडे दिले. पुढच्या तिन्ही जागी तबकडी एकाच बाजूला स्थिरावली.

माझा आधीचा कंपास याहून महागाचा होता, युरोपातल्या वापरासाठी बनवलेला. तिकडे पृथ्वीचं चुंबकत्व सुईचं उत्तर टोक जोरात खाली ओढतं, मध्य युरोपात साधारण पासष्ट अंशांनी, म्हणून दक्षिण टोकाला थोडं वजन देतात. आपल्याकडे हा कल पंचविसेक अंशांचाच. त्यामुळे इथे त्याचं दक्षिण टोक खाली घासून सुई अडकायची. शेवटी तो स्पीकरशेजारी खणात पडून राहिला, आणि एका सकाळी गच्चीवर नेला तर त्याचं उत्तर टोक सरळ अजिंक्यताऱ्याकडे! किल्ला तर शहराच्या दक्षिणेला. स्पीकरच्या लोहचुंबकाने सुईची टोकंच उलटी करून टाकली होती. तेव्हापासून प्रत्येक भटकंतीआधी मी गच्चीवर दोन मिनिटं उभा राहतो: अजिंक्यतारा दक्षिणेला, यवतेश्वर पश्चिमेला. दोन्ही जुळले तरच कंपास बॅगेला लागतो.

सड्यावर आम्ही सरळ पूर्वेला निघालो नाही. सरळ गेलो असतो तर रस्ता लागला असता, पण बाइक उजवीकडे की डावीकडे हे कळलं नसतं. म्हणून मुद्दाम थोडं उत्तरेकडे झुकून चाललो. मी कंपास बघायचो, भाऊ धुक्यात दिसेल तेवढ्या अंतरावर जाऊन उभा राहायचा, मी हाताने त्याला डावी-उजवीकडे सरकवायचो, मग त्याच्यापर्यंत जायचो. पुन्हा तेच. डबक्यांना वळसा घालताना दोनदा दिशा सुटली, दोनदा थांबून पुन्हा धरली.

पाऊण तासाने पायाखाली खडी लागली आणि लगेच डांबर.

“आता?” भाऊ म्हणाला.

“उजवीकडे.”

दीडेकशे पावलांवर धुक्यातून आधी आरसा दिसला, मग सीटवर पसरलेला रेनकोट.