टेम्प्लेटची नोंद: मूळ डिस्क बूट करायची नाही

चाचणीसाठी लागणाऱ्या माझ्या सगळ्या व्हीएम (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) आता टेम्प्लेटवरूनच, म्हणजे एकदा तयार करून ठेवलेल्या नमुना व्हीएमवरूनच निघतात. त्या ज्यावर चालतात तो होस्ट म्हणजे ३२ जीबी रॅमचा घरचा डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि व्हीएम चालवणारं केव्हीएम. या महिन्यात दोन भानगडी निस्तरल्या. त्यातून टेम्प्लेट करायची पद्धतच बदलली, म्हणून सविस्तर लिहितो.

उबुंटू सर्व्हर २४.०४ (हेही लिनक्सच) च्या टेम्प्लेटवरून दोन क्लोन, म्हणजे नकला काढल्या. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगळे, होस्टनेम (मशीनची नावं) वेगळी. तरीही एसएसएचचं (दुरून मशीनमध्ये शिरायच्या सोयीचं) कनेक्शन मध्येच तुटायचं, आणि पुन्हा जोडलं की मी दुसऱ्याच क्लोनमध्ये असायचो. पाहिलं तर दोघांचाही आयपी पत्ता एकच, शेवटचा आकडा १०५. कारण असं, की उबुंटू सर्व्हरमध्ये नेटवर्क सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा चालवणारी प्रणाली) सांभाळतं आणि आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला ते मशीन-आयडीवरून, म्हणजे प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या क्रमांकावरून बनवलेली ओळख सांगतं. मशीन-आयडी टेम्प्लेटमधून जशीच्या तशी उतरली, म्हणून सर्व्हरच्या लेखी दोन्ही मशीन एकच. एसएसएचनेही सावध केलं नाही, कारण मशीन ओळखायला ते ज्या किल्ल्या तपासतं, त्या होस्ट-कीसुद्धा दोघांकडे त्याच होत्या. हे कळलं तेव्हा खरंच धस्स झालं. दोन आठवड्यांच्या चाचण्यांमधले कोणते निकाल नक्की कुठल्या मशीनचे, हे सांगता येईना. सगळ्या पुन्हा चालवल्या.

आता टेम्प्लेट बंद करण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करतो. पहिल्या बूटला नवी तयार होते. होस्ट-की मात्र नुसत्या पुसून भागत नाही. उबुंटूत त्या आपोआप परत येत नाहीत आणि एसएसएच सुरूच होत नाही. ते काम पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटवर सोपवलंय. प्रत्येक क्लोनला छोटी सीड आयएसओ (त्याच्या सूचनांची आभासी सीडी) जोडतो, त्यातून होस्टनेम जातं आणि किल्ल्याही नव्या बनतात. टेम्प्लेट झालं की दोन क्लोन काढून त्यांच्या मशीन-आयडी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, हा आता नेम.

दुसरी भानगड पूर्णपणे माझ्या हातून झाली. माझे क्लोन लिंक्ड आहेत, म्हणजे मूळ क्यूकाऊ२ फाइल (व्हीएमची डिस्क, म्हणजेच इमेज) खाली आणि प्रत्येक क्लोनची पातळ फाइल वर. नवी वरची फाइल जेमतेम २०० केबीची असते, क्लोन सेकंदात तयार होतो, ही त्यातली गंमत. पण वरच्या फाइलमध्ये फक्त बदललेले तुकडे असतात, बाकी सगळं खालून वाचलं जातं. सुरक्षा अपडेट टाकायला म्हणून मी मूळ इमेजच बूट केली. तिच्यावरचे तिन्ही क्लोन तेव्हा बंद होते, त्यामुळे क्यूईएमयूच्या (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉकनेही अडवलं नाही. संध्याकाळी पहिला क्लोन चालू केला, तर फाइल सिस्टमच्या चुकांनी पडदा भरला. खालचे तुकडे नवे, वरचे जुने, मेळ कसा बसणार? तिन्ही क्लोन टाकून द्यावे लागले.

आता मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, रीड-ओन्ली, आणि तिची व्हीएम व्हर्ट-मॅनेजर या व्हीएम हाताळायच्या प्रोग्रॅमच्या यादीतून काढलेली. अपडेट हवं तर पॅकर या इमेज आपोआप बांधणाऱ्या साधनाने नवी इमेज बांधायची. त्यासाठी लागणारी डेबियन १३ ची प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) आणि चार स्क्रिप्ट गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) आहेत. नव्या इमेजच्या नावात महिना घालतो, जुनी इमेज तिच्यावरचा शेवटचा क्लोन जाईपर्यंत ठेवतो. माझ्या मते जपायची ती इमेज बांधायची ही कृती. इमेज काय, केव्हाही पुन्हा बांधता येते.

विंडोज ११ ची चाचणी आवृत्ती ९० दिवस चालते, तिथे पुन्हा बांधणं ओघानेच आलं. सिसप्रेप (विंडोज क्लोनसाठी तयार करणारं साधन) एका स्टोअर अ‍ॅपपाशी अडतोय, त्यावर काम चालू आहे.

या महिन्याचं आवडतं काम मात्र मराठी टेम्प्लेट. त्यात सिस्टमचं लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) मराठी-भारत, इनस्क्रिप्ट कळफलक आणि देवनागरी फॉन्ट आधीच बसवलेले. माझ्या हिशेबाच्या छोट्या वेब-अ‍ॅपची चाचणी त्यावर चालवली आणि पहिल्याच फेरीत लाल, म्हणजे नापास. ब्राउझरने मराठी लोकेल पाहून रक्कम १,२३,४५६ अशी देवनागरी अंकांत दाखवली, आणि तीच परत वाचताना माझ्या कोडला फक्त इंग्रजी अंक कळत होते. इंग्रजी टेम्प्लेटवर ही चूक कधीच दिसली नसती. ती दुरुस्त केली; आता प्रत्येक बदल आधी मराठी क्लोनवर चालतो, मग बाकीच्यांवर.