क्युबेकला हिवाळ्यातच का?

टोरांटोच्या बर्फाने जीव मेटाकुटीला आलेला असताना, हातातली आठवडाभराची सुट्टी त्याहूनही थंड असलेल्या क्युबेक शहरात का घालवता, असे भारतातून आलेले नातेवाईक आणि इथले स्नेही आम्हाला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सामुएल द शांप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने १६०८ मध्ये ही वसाहत वसवली, ती सेंट लॉरेन्स नदीचे पात्र जिथे एकदम अरुंद होते तिथे, आणि ‘क्युबेक’ या मूळच्या अल्गॉन्क्विन (तिथल्या आदिवासींच्या भाषेतल्या) शब्दाचा अर्थही तोच आहे. शांप्लँसह तिथे राहिलेल्या २८ जणांपैकी पहिला हिवाळा संपेपर्यंत अवघे ८ जण जिवंत होते. हे वाचल्यापासून त्या शहराकडे उन्हाळी फुलांच्या कुंड्यांमधून पाहणे मला अपुरे वाटू लागले. ज्या ऋतूने या शहराचा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता, त्याच ऋतूत आज तिथे उत्सव होतो, आणि तो पाहायला आम्ही जातो.

सर्वांत आधी आम्ही नदीवर जातो. पलीकडच्या लेव्ही गावाला जाणारी बोट हिवाळाभर चालते. प्रवास जेमतेम दहा-बारा मिनिटांचा असतो, पण बाहेरच्या कठड्याशी उभे राहिले की बर्फाच्या लाद्या बोटीच्या अंगाला घासत, करकरत, एकमेकींवर चढताना दिसतात. समुद्र बराच दूर असला तरी भरती-ओहोटी इथवर पोचते, त्यामुळे सकाळी एका दिशेला वाहणारा बर्फ दुपारी उलट निघालेला असतो. बर्फातून वाट काढणाऱ्या बोटी आणि पूल नव्हते, तेव्हा याच पात्रातून माणसे आणि टपाल होडीने नेत. पाणी मोकळे असेल तिथे वल्हवायचे आणि बर्फ लागला की उतरून होडी ढकलायची. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलमध्ये आता त्याच पद्धतीने शर्यत होते. एक पाय होडीत आणि दुसऱ्याने बर्फ रेटणारी ती पाच-पाच माणसे पाहिली की आमच्या घरातली मुलेसुद्धा गप्प होतात.

जुन्या शहराभोवतीचा साधारण साडेचार किलोमीटरचा तट आजही उभा आहे. १९८५ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा ठरवले. वरच्या आणि खालच्या वस्तीला जोडणारे जिने मात्र निसरडे असतात. बुटांखाली खिळेपट्ट्या बांधाव्यात, नाहीतर सरळ १८७९ पासूनच्या उताररेल्वेत बसावे.

खायचे म्हणाल तर एकच सांगतो. स्वच्छ बर्फ भरलेल्या लाकडी पन्हळीत मेपलचा उकळता पाक ओततात. तो क्षणात घट्ट होऊ लागतो, तेवढ्यात काडीने गुंडाळून घ्यायचा. बाहेरून गार, आतून कोमट आणि दाताला चिकटणारा तो पाक तोंडात घातला की मला दरवेळी कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली, काहिलीतून उसाच्या कांडीवर घेतलेली गरम काकवी आठवते. गेल्या वर्षी विक्रेत्या आजीबाईंना मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तसे सांगितले, तेव्हा त्यांनी ऊस कसा असतो ते विचारून घेतले आणि दुसरी काडी हातात ठेवली.