तुम्ही विचारलंत म्हणून: ठोका देणारा बास

कार्यक्रम संपून आम्ही वायरी गुंडाळायला घेतो, तेवढ्यात स्टेजच्या कडेला कोणीतरी घुटमळत असतं. फोंड्यात असो, साखळीत असो नाहीतर पेडण्यातल्या एखाद्या जत्रेत, प्रश्न ठरलेला: "सर, पंच असलेला बास गिटार घ्यायचाय. कुठला घेऊ?" तिथे उभ्याउभ्या मी एका वाक्यात काहीतरी सांगतो आणि घरी येताना ते अपुरं वाटत राहतं.

ते एक वाक्य असं: फेंडर कंपनीच्या प्रिसिजन या मॉडेलच्या धाटणीचा, चार तारांचा, बॅटरी नसलेला बास घ्या. फेंडर परवडत नसेल तर त्याच कंपनीच्या स्वस्त ब्रँडचा, स्क्वायर, घ्या. आता त्यामागचं सांगतो.

पंच म्हणजे काय, हे मला कुठल्याही बास गिटारच्या आधी घुमट या आमच्या गोव्यातल्या मातीच्या तालवाद्याने शिकवलं. चवथीला आमच्या वाड्यावर घरोघरी आरत्या होतात. घुमटाच्या मोठ्या तोंडावर कातडं असतं, मागचं लहान तोंड उघडं. उजवा हात ठोका देतो आणि डाव्या हाताचा तळवा मागचं तोंड कधी झाकतो, कधी सोडतो. सोडलं की नाद घुमतो, झाकलं की आवळतो. चांगला वाजवणारा डाव्या हातावरून ओळखावा. शामेळ हा ढोल आणि कासाळं ही झांज यांच्या गजरातही त्याचा प्रत्येक ठोका सुटा कानावर येतो, कारण आधीचा ठोका त्याने वेळेवर मिटवलेला असतो. बासचा पंच हाच. सूर ठणकन सुरू झाला पाहिजे, त्याला अंग पाहिजे, आणि पुढच्या सुराला जागा करून तो थांबला पाहिजे.

बहुतेक जण मात्र पंच म्हणजे जास्त बेस, म्हणजे जास्त खालचा आवाज, समजतात. मीही समजत होतो. माझा पहिला चांगला बास बॅटरीवर चालणारा होता, दुकानात बेसचा नॉब पूर्ण फिरवून वाजवला तेव्हा छाती हादरली होती. लग्नाच्या हॉलमध्ये तोच आवाज नुसता घोंगावत राहिला. कीबोर्डचा डावा हात, ड्रमची किक आणि मी, तिघांचा चिखल झाला. जाड तार मोकळी वाजवली की मूळ सूर साधारण 41 हर्ट्झचा असतो. हॉलमधले बरेचसे स्पीकर तिथपर्यंत नीट पोचतच नाहीत. आपल्या कानाला बास कळतो तो वरच्या 82, 123 अशा पटींमधून, आणि बोट तारेवरून सुटतानाचा जो 'टक्' असतो तो आणखी वर, सातशे-हजारच्या आसपास. म्हणून दुकानात बेस वाढवू नका, मिड, म्हणजे मधला आवाज, ऐका.

प्रिसिजन मी का सांगतो? लिओ फेंडरने तो 1951 साली आणला, पण आज आपण ज्याला प्रिसिजनचा आवाज म्हणतो तो 1957 मध्ये आलेल्या दुभागलेल्या पिकअपचा, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाचा. दोन तारांना एक तुकडा, उरलेल्या दोन तारांना दुसरा. दोन्ही तुकड्यांची जोडणी अशी असते की बाहेरून येणारी गुणगुण एकमेकांत विरते. मंडपात ट्यूबलाइट आणि जनरेटर यांच्या शेजारी उभं राहून वाजवणाऱ्याला याचं मोल विचारा! पिकअपची जागाही नेमकी आहे: सुराला अंग मिळेल इतकी मानेकडे, टोक बोथट होणार नाही इतकी ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिकडे. जेम्स जेमर्सन या बासवादकाने आपल्या 1962 च्या प्रिसिजनवर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत काय केलंय ते ऐका. चपट्या गुंडाळीच्या जुन्या तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट.

फेंडरचाच 1960 मध्ये आलेला जॅझ बास मला फार आवडतो. पण त्याचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधला भाग थोडा पोकळ होतो. एकट्याने वाजवताना तो गोड वाटतो, बँडमध्ये मात्र मागे सरतो. म्यूझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बास, 1976 मध्ये आलेला, पंचच्या बाबतीत कोणाला हार जाणार नाही. त्याचा ठोका अधिक धारदार, अंगठ्याने मारून वाजवायला उत्तम. फक्त त्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल लावून ठेवली की ती उतरत राहते. जवळ एक जादा ठेवा. पाच तारांचा बास पहिल्या खरेदीला नको, जाड तारेला स्वच्छ थांबवण्यातच वर्ष जाईल.

लाकडावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मी त्यात पडत नाही. तेच पैसे सेटअपवर, म्हणजे बास नीट लावून घेण्यावर, घाला. आपल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान वाकते, तारा वर उचलल्या जातात. ट्रस रॉडला, म्हणजे मानेच्या आतल्या धातूच्या सळीला, पाव वळसा द्यावा लागतो, तोही जाणत्या माणसाकडून. तारा अगदी खाली आणू नका. जोराने वाजवलं की त्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना, घासतात, आणि तुम्ही नकळत हळू वाजवू लागता. मग पंच कुठून येणार? खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायच्या. रोज.

दुकानात जाल तेव्हा मोबाइलवर मेट्रोनोम लावा. अॅम्पचे सगळे नॉब मध्यावर ठेवा. एकच सूर, तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट, ठोक्यावर वाजवा आणि लगेच डाव्या बोटाने थांबवा. उजवं बोट आधी पिकअपच्या वर, मग ब्रिजकडे, मग मानेकडे नेऊन पाहा. त्यानंतर बास मित्राच्या हातात द्या आणि तुम्ही दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहा. रस्त्यावरच्या बसच्या आवाजातही प्रत्येक ठोका मोजता आला, तर पैसे द्या.