ठाण्याचे जुने फोटो: मासुंद्याचा काठ सापडला, कंपनीचं फाटक अजून नाही

मंडळी, पावसाळाभर स्कॅनरपाशीच बसून होते. आता ऊन पडायला लागलंय, तेव्हा पुन्हा रस्त्यावर उतरले आहे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. घरोघरीच्या अल्बममधले ठाण्याचे जुने फोटो जमवायचे, प्रत्येकाची जागा आणि काळ ठरवायचा, आणि जमेल तिथं त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा, असा हा उद्योग.

या टप्प्यातला सगळ्यात मोठा आनंद मासुंदा तलावाच्या फोटोनं दिला. आगफा क्लिक थ्रीनं काढलेला चौकोनी कृष्णधवल फोटो. आत्या आणि तिची मैत्रीण तलावपाळीच्या कठड्याशी उभ्या आहेत, मागे पाणी, झाडी आणि कोपीनेश्वराचं शिखर. एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे. ते माणसांवर खर्च व्हायचे, रस्त्यासाठी कोण घालवणार? त्यामुळे आपल्या घरांत शहराचे म्हणून काढलेले फोटो जवळजवळ नसतातच. शहर सापडतं ते कुणाच्या तरी खांद्यामागे. म्हणून मी हल्ली चेहऱ्यांआधी कडा बघते. अर्धी पाटी, कापलेली खिडकी, मागून जाणारी बस, सगळा ऐवज तिथं असतो.

काळ ठरवला तो असा. त्याच रोलमधल्या दुसऱ्या फोटोत आज गडकरी रंगायतन आहे ती जागा आली आहे आणि तिथं बांधकामाचा मागमूस नाही. रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. तिसऱ्या फोटोत एका दुकानाची पाटी आहे. निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केल्यावर तिच्या खालच्या ओळीत ‘४००६०१’ वाचता आलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले, तेव्हा त्याच्या अलीकडचा. मधली वर्षं आत्यानंच कापली. फोटो हातात घेऊन म्हणाली, “अगं, हा माझ्या लग्नाआधीचा. ही साडी मी नंतर सुमनला देऊन टाकली.” तिचं लग्न पंचाहत्तरचं. कागदपत्रांनी जे झालं नसतं ते एका साडीनं केलं.

पाट्यांवरून काळ ओळखायची आणखी काही गमकं माझ्या वहीत आहेत. ‘ठाणे नगरपालिका’ दिसलं तर पाटी १ ऑक्टोबर १९८२ च्या आधीची, कारण त्या दिवशी महानगरपालिका झाली. अर्थात जुन्या पाट्या लोक लगेच उतरवत नाहीत, तेवढी सूट ठेवायची. टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस असेल तर १९८९ किंवा नंतरचा. गाडीच्या नंबरात ठाण्याचं एमएच-०४ असेल तरी तेच. सिनेमाच्या पोस्टरवर मात्र फार विसंबू नका. मॅटिनीला जुने चित्रपट वर्षानुवर्षं फिरून लागायचे, त्यामुळे पोस्टर फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतं.

आता जागा. इथं मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे लेन्सची काळजी सोडून देणं. वस्तू एकमेकींच्या मागेपुढे कशा दिसतात हे फक्त आपण कुठं उभे आहोत यावर ठरतं. मोबाइलची चौकट रुंद असते, ती नंतर कापता येते. जुन्या फोटोत एक दूरची आणि एक जवळची वस्तू निवडायची. मी शिखराचा कळस आणि काठावरच्या एका जुन्या इमारतीचा कोपरा घेतला. कळस कोपऱ्याच्या फार उजवीकडे दिसला तर आपण डावीकडे सरकायचं, डावीकडे दिसला तर उजवीकडे. पुढेमागे सरकायला दुसरी जोडी लागते. उंचीसाठी क्षितिज बघायचं. सपाट जमिनीवर उभ्या सगळ्यांची डोकी क्षितिजाला टेकत असतील तर कॅमेरा डोळ्यांशी होता, क्षितिज कमरेतून जात असेल तर पोटाशी धरून वरून आत बघायचा स्टुडिओवाल्यांचा कॅमेरा. सकाळी सकाळी, फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत, कळस आणि कोपरा अखेर जुळले. आत्या उभी होती ती जागा माझ्यापासून चार पावलांवर होती. तिला तिथं नेऊन उभं केलं आणि फोटो काढला. माझ्या संग्रहातली ही सर्वांत लाडकी जोडी आहे.

स्टेशनसमोरच्या चौकाचे फोटो पुष्कळ आलेत, टांग्यांसकट. पण सॅटिसचा, म्हणजे स्टेशनबाहेरचा बसगाड्यांचा उंच पूल झाल्यापासून तिथली दृष्टिरेषाच तुटली आहे. ते फोटो नुसते नकाशावर टाकून ठेवतेय.

अडलंय ते कंपन्यांपाशी, आणि जीव त्यातच गुंतलाय. रिक्षावाल्याला आपण आजही कॅसल मिल, नितीन कंपनी, गोल्डन डाइज सांगतो. वंदना म्हटलं की थिएटर न पाहिलेलं पोरही बरोबर उतरतं. नाव जिभेवर आहे, वास्तू नाही, आणि फोटो तर त्याहून नाहीत. १९२५ मध्ये सुरू झालेली रेमंडची गिरणी दोन-तीन पिढ्यांचं पोट होती. वागळे इस्टेटीत भोंग्यावर घरातलं घड्याळ लावलं जायचं. पण कामाच्या जागी कॅमेरा नेणार कोण? याला एक अपवाद सापडलाय, खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा लागायच्या, बायकापोरांना आत सोडायचे, आणि कुणीतरी फोटो काढायचं. माझ्याकडे आलेले कारखान्यांच्या आतले जवळपास सगळे फोटो त्याच दिवसाचे आहेत.

सध्या टेबलावर असाच एक रंगीत फोटो आहे. निळसर रंगद्रव्य उडून तो लाल पडलाय. मूळ स्कॅन तसाच राखून प्रतीवर रंग दुरुस्त केला, तेव्हा मागचा डोंगर दिसायला लागला. आंब्याच्या तोरणाचं फाटक, डावीकडे अर्धी चिमणी, वर डोंगराच्या धारेत एक ठळक खाच. कंपनीचं नाव चौकटीबाहेर राहिलंय. धार येऊरच्या डोंगराची असावी असं वाटतंय. ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली आहे. पाचपाखाडीतल्या एका मैत्रिणीच्या गच्चीवरून मनोऱ्यांच्या फटीतून डोंगर दिसतो, पुढच्या रविवारी तिथून पडताळून बघणार आहे.

तोवर तुमच्याकडचे खंडेनवमीचे फोटो शोधाच. चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढू नका, दात साफ करायचा दोरा हलकेच खालून सरकवा, नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा. आणि मागची बाजूही स्कॅन करून पाठवा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतलं एखादं नाव, मला तेवढंही पुरतं.